समुद्राकाठी कॅमेऱ्याची सॅक: काय बघून घ्यायची?

(या भागाचा लेखी मजकूर. ऐकताना सुटलेले आकडे सापडावेत म्हणून थोडा नीटनेटका केलाय, बाकी बोलणं तसंच आहे.)

मागच्या आठवड्यात श्रीवर्धनहून एक व्हॉइस नोट आली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा आहे. म्हणतो, "दादा, पहिला कॅमेरा घेतला. दोन लेन्स आहेत. दिवेआगर, हरिहरेश्वर, जमलं तर फणसाड, असं फिरायचंय. साडेतीन हजारांत कुठली बॅग घेऊ? एकच नाव सांग."

एकच नाव मी सांगणार नाहीये. टाळाटाळ म्हणून नाही. नाव सांगून उपयोग होत नाही हे मला अकरा हजार रुपये मोजून कळलंय. आधी ती गोष्ट, मग हिशोब.

जंजिऱ्याची होडी आणि मामाची लेन्स

माझा मामा अलिबाग तालुक्यात लग्नाचे फोटो काढतो. त्याच्याकडे एक ७०-२०० लेन्स आहे, दीड किलोच्या आसपास वजनाची. सीझनमध्ये ती लेन्स म्हणजे त्याचा उजवा हात. काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मी ती दोन दिवसांसाठी मागून नेली. मुरुड-जंजिरा करायचा होता.

माझी सॅक तेव्हा नवी होती. ऑनलाइन घेतलेली, स्वस्तात. वर्णनात 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं, सोबत रेनकव्हर. राजपुरीच्या धक्क्यावर होडीत बसायच्या आधी मी शहाण्यासारखं रेनकव्हर चढवलं. शिडाची होडी, माणसं दाटीवाटीने बसलेली, सॅक पायाशी. वाऱ्याने तुषार उडत होते. मी निवांत होतो, कारण कव्हर होतं ना!

घडलं ते असं. कव्हर सॅकच्या पुढच्या बाजूला आणि तळाला असतं. पाठीला टेकते ती बाजू उघडीच राहते, नाहीतर पट्टे बाहेर कसे येणार? तुषारांचं पाणी त्या उघड्या बाजूने ओघळत खाली गेलं आणि कव्हरच्या तळाशी साठलं. तळाला भोक नव्हतं. म्हणजे मी सॅकखाली स्वतःच्या हाताने एक वाटी बांधली होती आणि त्या वाटीत समुद्राचं पाणी घेऊन सॅक जाता-येता बसून राहिली. तळाच्या शिलाईतून पाणी आत शिरलं, फोमने ते स्पंजसारखं ओढून घेतलं. लेन्स तोंड खाली करून त्याच फोमवर उभी.

घरी आल्यावर वरून हात फिरवला, सगळं कोरडं लागलं. सॅक तशीच बंद करून कपाटाशेजारी ठेवली. तीन दिवसांनी लेन्स काढली तर झूमची रिंग फिरवताना किरकिर आवाज. आत खारं पाणी गेलं होतं. मुंबईत दुरुस्तीला अकरा हजार लागले, ते मी दिले. पण मधल्या दोन लग्नांना मामाने भाड्याची लेन्स आणली. मामा ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "बॅगेत पैसे वाचवलेस ना, ते इथे निघाले बघ."

खरं म्हणजे चूक फक्त स्वस्त बॅगेची नव्हती. पाणी कुठून येतं हाच विचार मी केला नव्हता. महाग बॅग घेऊन, तसंच कव्हर चढवून, तशीच पायाशी ठेवली असती तरी कदाचित हेच झालं असतं. म्हणून आज ब्रँड नाही, विचार कसा करायचा ते बोलू.

पहिलं काम: सॅक नाही, तराजू

बॅग बघायच्या आधी सामान जमिनीवर मांडा आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा आणा. आपल्या श्रोत्याकडे आहे तसा सेट धरू. कॅनन २००डी मार्क टू ही बॉडी बॅटरीसकट ४४९ ग्रॅम. १८-५५ लेन्स २१५ ग्रॅम. ५५-२५० लेन्स ३७५ ग्रॅम. बेरीज १,०३९ ग्रॅम. किलोभर.

आता बाकीचं. जास्तीची बॅटरी, चार्जर, फिल्टर, पुसायचं कापड धरून ३०० ग्रॅम. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हलका ट्रायपॉड १,३०० ग्रॅम. पॉवरबँक आणि फोन ५०० ग्रॅम. डबा आणि रेनकोट ८०० ग्रॅम. आणि रिकामी सॅकच १,२०० ग्रॅम. एकूण सहा किलोच्या थोडं वर.

म्हणजे सहा किलोंपैकी कॅमेरा एक किलो! सहावा हिस्सा. पण दुकानात आपण जी 'कॅमेरा बॅग' बघतो तिचं सगळं पोट लेन्सच्या कप्प्यांचं असतं. डबा, पाणी, सुका टीशर्ट कुठे ठेवायचा हा प्रश्न घरी आल्यावर पडतो. मग पाण्याची बाटली कॅमेऱ्याच्या कप्प्यात जाते, आणि एक दिवस तिचं झाकण सैल राहतं. पावसापेक्षा स्वतःच्या बाटलीने भिजवलेले कॅमेरे मी जास्त बघितलेत.

म्हणून दिवसभराच्या भटकंतीसाठी अर्धी कॅमेऱ्याची, अर्धी रिकामी अशी सॅक बघा, आणि बाटली नेहमी बाहेरच्या खिशात. दोन लेन्सच्या माणसाला २० ते २५ लिटर पुरतात. पक्ष्यांच्या मागे लागलेल्यांचं गणित वेगळं. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी एकटीच १,९३० ग्रॅम, लांबी साधारण २६ सेंटीमीटर. ती बॉडीला लावूनच ठेवायची असेल तर लिटरचा आकडा सोडा, आतली लांबी टेपने मोजा. लिटर जास्त पण लांबी कमी, अशा सॅक भरपूर आहेत.

वजन किती चालेल? शाळेच्या दप्तरासाठी केंद्राच्या २०२० च्या धोरणात मुलाच्या वजनाच्या १० टक्के ही मर्यादा आहे. दिवसभर फिरणाऱ्या मोठ्या माणसालाही तोच आकडा सुरुवातीला धरायला हरकत नाही. तुम्ही ६० किलोचे असाल तर सहा किलो. म्हणजे वरचा सेट आत्ताच काठावर आहे. ट्रायपॉड खरंच रोज लागतो का, हे स्वतःला विचारा.

खांदे नाही, कंबर

सहा किलो खांद्यावर घेऊन वाळूत दोन तास चाला, मान धरते. वजन पेलायला शरीरात चांगली जागा म्हणजे कमरेचं हाड. म्हणून कमरेचा पट्टा रुंद आणि गादीचा हवा. नुसती बारीक नाडी असते ती सॅक हलू नये म्हणून, वजन उचलायला नाही.

पट्टा कमरेवर बसायचा असेल तर सॅकची पाठ तुमच्या पाठीच्या मापाची हवी. माप घेणं सोपं आहे. मान खाली घाला, मानेच्या तळाशी एक हाड टोचतं तिथे बोट ठेवा. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर, अंगठे मागे. अंगठ्यांना जोडणाऱ्या रेषेपासून मानेच्या हाडापर्यंतचं अंतर मित्राला टेपने मोजायला सांगा. हे तुमच्या पाठीचं माप. उंचीवर जाऊ नका. सारख्या उंचीच्या दोघांचं हे माप वेगळं असू शकतं. बऱ्याच कॅमेरा सॅक एकाच मापात येतात, त्यामुळे बुटक्या पाठीच्या लोकांना कमरेचा पट्टा मांडीवर येतो आणि उंच पाठीच्यांना पोटावर. दोन्हीत वजन परत खांद्यावरच.

पण एक लक्षात ठेवा. होडीत चढता-उतरताना, किंवा कुलाबा किल्ल्याच्या वाटेवर पाण्यातून चालताना, कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवा. पाय घसरून पाण्यात पडलात तर सॅक झटकन अंगावरून टाकता आली पाहिजे. जंजिऱ्याच्या दरवाजाशी होडी वरखाली होत असते, खलाशी हात धरून चढवतात. तेव्हा तुमचे दोन्ही हात मोकळे हवेत. गळ्यात लोंबता कॅमेरा, एका खांद्यावर सरकती सॅक आणि हातात ट्रायपॉड, हा अवतार तिथे चालत नाही.

चेन कुठल्या बाजूला?

आता उघडायचं कुठून. तीन प्रकार.

वरून उघडणारी साधी सॅक. खालची वस्तू काढायला वरचं सगळं उपसावं लागतं, पण चेन कमी म्हणून पाण्याला वाटाही कमी.

बाजूने उघडणारी. एक पट्टा काढायचा, सॅक पुढे फिरवायची, कॅमेरा बाहेर. रस्त्यावरच्या, जत्रेतल्या फोटोंसाठी मस्त. धोका एकच, चेन अर्धवट उघडी राहिली की कॅमेरा थेट जमिनीवर. चेनवर आडवा सुरक्षा-पट्टा आहे का ते बघा.

पाठीकडून उघडणारी. ही मला आपल्या किनाऱ्यासाठी सगळ्यात बरी वाटते. कारण साधं आहे. वाळूवर किंवा चिखलात सॅक ठेवताना तुम्ही तिची पुढची बाजू खाली ठेवता, पाठीकडची बाजू वर राहते. परत घातली की शर्टाला चिखल लागत नाही. गर्दीच्या एसटीत किंवा लोकलमध्ये मागून कोणी चेन उघडू शकत नाही. आणि कमरेचा पट्टा भक्कम असेल तर खांदे मोकळे करून सॅक कमरेभोवती पुढे फिरवायची आणि खाली न ठेवताच उघडायची. गुडघाभर पाण्यात उभं असताना याचं महत्त्व कळतं.

पाणी तीन वाटांनी येतं

आता मुख्य मुद्दा.

पहिली वाट वरून, म्हणजे पाऊस. यासाठी रेनकव्हर चालतं, तळाला पाणी जायला भोक असेल तर. नसेल तर गरम सुईने एक बारीक भोक पाडा.

दुसरी वाट आडवी. समुद्राचे तुषार, वाऱ्यासोबतचा पाऊस, बाइकवर समोरून येणारा मारा. इथे पाठीची उघडी बाजू आणि चेन मार खातात. 'वॉटर रेझिस्टंट' चेन म्हणजे वरून लेप दिलेली चेन. ती थेंब थोपवते, पण दोन रनर जिथे भेटतात तिथे फट राहते.

तिसरी वाट खालून, आणि आपण सगळे हीच विसरतो. होडीचा तळ, ओली वाळू, एसटीत पायाशी आलेलं पाणी, हॉटेलच्या बाथरूमबाहेरची फरशी. इथे तळाचं कापड आणि शिलाई यांची परीक्षा असते.

मग 'वॉटरप्रूफ' या शब्दाचा अर्थ काय? फोनच्या खोक्यावर आयपी रेटिंग असतं तो आकडा खरा, कारण त्यामागे ठरलेली चाचणी असते. आयपीएक्स४ म्हणजे कुठूनही शिंतोडे आले तरी चालतील. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. बहुतेक सॅकना असलं रेटिंगच नसतं. नुसतं 'वॉटरप्रूफ' लिहिलं असेल आणि आकडा नसेल तर तो जाहिरातीचा शब्द समजा.

कापडाचंही तसंच. '१०००डी' लिहिलेलं असतं. डी म्हणजे डेनियर: ९,००० मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम, तो आकडा. आकडा मोठा म्हणजे धागा जाड. तो घासायला टिकेल, पण पाणी अडवेलच असं नाही. पाणी अडवतो तो कापडाच्या आतल्या बाजूचा लेप. आणि शिलाईच्या प्रत्येक टाक्याला सुईने त्या लेपाला भोक पाडलेलं असतं. सॅक उलटी करून आतल्या शिलाईवर टेप चिकटवलेली आहे का बघा. नसेल तर कापड कितीही भारी असो, पाणी टाक्यांतून येणार.

हा लेप बहुधा पॉलियुरेथेनचा असतो आणि दमट उष्ण हवेत वर्षानुवर्षे राहिला की तो विरघळत जातो. माळ्यावरची जुनी सॅक काढल्यावर आत चिकट लागतं, पापुद्रे निघतात, ते हेच. त्यामुळे 'जुना स्टॉक, अर्ध्या किमतीत' असेल तर आधी आत हात घालून बघा.

मीठ: खरा शत्रू

पावसात भिजलेली सॅक वाळते. समुद्राच्या पाण्याने भिजलेली वाळल्यासारखी वाटते. फरक मोठा आहे.

पाणी उडून जातं, मीठ कापडात राहतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत ओलसर गोळा होतो ना, तेच. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात, आणि एरवीही बऱ्याच रात्री, आर्द्रता त्याच्या वर असते. म्हणजे एकदा खारं पाणी प्यायलेली सॅक रोज रात्री आपोआप ओली होते. तुम्ही तिला हातही लावलेला नसतो. माझी 'कोरडी' सॅक तीन दिवस हेच करत होती.

उपाय एकच. समुद्रावरून आलात की सॅक गोड्या पाण्याने धुवायची. म्हणून घेताना हा प्रश्न विचारा: आतला फोमचा कप्पा अख्खा बाहेर निघतो का? निघत असेल तर सॅक बिनधास्त नळाखाली धरता येते. कप्पा शिवलेला असेल तर ती कधीच नीट धुतली जात नाही. आपल्याकडे मी या एका गोष्टीवर बॅग नापास करतो.

चेन जुन्या टूथब्रशने घासा, वाळूचे कण काढा, सावलीत वाळवा. रनर धातूचा असेल तर त्यावर पांढरी भुकटी दिसू लागते, ती गंज धरल्याची खूण. कोरड्या दातांवर मेणबत्ती हलकेच घासली की चेन सरसर चालते. रनर गेलाच तर सॅक फेकू नका, बाजारातला बॅग दुरुस्त करणारा थोडक्यात बदलून देतो.

फोमही तपासा. एक सुटा पडदा काढून त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका. शोषले गेले तर तो स्पंज आहे. थेंब वर मोत्यासारखे राहिले तर फोम बंद पेशींचा आहे. माझ्या पहिल्या सॅकचा फोम पहिल्या प्रकारचा होता हे मी नंतर तपासलं. आधी तपासायला दहा सेकंद लागले असते.

सॅक म्हणजे कपाट नव्हे

आता बुरशी. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात ना, ती. तिला अंधार, दमटपणा आणि कोंडलेली हवा आवडते. म्हणजे बंद कॅमेरा सॅक! घरी आल्यावर कॅमेरा सॅकमध्ये ठेवू नका. डाळ-तांदळाचा मोठा हवाबंद डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक टाका. काटा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवायचा. रंग बदलणारे दाणे घ्या, म्हणजे ते कधी भरले ते कळतं. भरलेले दाणे तापवले की पुन्हा कामाला येतात. दाणे सॅकमध्ये टाकून उपयोग नाही, चेनमधून बाहेरची हवा येतच राहते आणि दोन-चार पुड्या काही अख्ख्या कोकणाला कोरडं करू शकत नाहीत.

दुसरी गोष्ट, काचेवर धरणारं धुकं. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. त्याहून थंड कुठल्याही वस्तूवर पाणी धरणार. तुमची खोली एसीने २४ अंशांवर, कॅमेराही २४ अंशांवर. पहाटे उठून धावत किनाऱ्यावर गेलात, चेन उघडली, लेन्स पांढरी. सूर्य उगवतोय आणि तुम्ही काच पुसताय. पुसलं तरी पुन्हा धरतं, कारण काच अजून थंडच आहे.

इथे सॅकचा फोम उलटा वागतो. तो कॅमेऱ्याला गरम होऊ देत नाही, त्यामुळे निघताना पंधरा मिनिटं आधी बाहेर ठेवून भागत नाही. सोपा उपाय: रात्रीच बंद सॅक एसी नसलेल्या खोलीत ठेवा. कॅमेरा हळूहळू बाहेरच्या तापमानाला येतो, आणि चेन बंद असल्याने आत दमट हवा फारशी जात नाही. एसी गाडीने येणाऱ्यांनी सॅक डिकीत ठेवा.

घ्यायच्या आधी आणि घेतल्यावर

दुकानात जाताना तुमचा सगळा सेट घेऊन जा. मुंबईला फोर्टला गेलात तर दुकानदारांना याची सवय असते. सामान भरा, पट्टे आवळा, जिना चढा, वाकून बुटाची लेस बांधा. वाकल्यावर सॅक डोक्यावर आली तर ती कड्यावर काय करेल? सॅक खाली ठेवून सोडा, स्वतः उभी राहते का? एका हाताने चेन कोपऱ्यातून फिरवा, अडकते का? वरचं हँडल धरून जोरात हिसका द्या. होडीतून वर घेताना खलाशी तिथेच धरणार आहे.

ऑनलाइन घेतली तर लेबल कापायच्या आधी घरात भरून अर्धा तास घालून फिरा. पाण्याची चाचणी मात्र ठेवायची ठरल्यावरच. सॅकमध्ये चुरगळलेला वर्तमानपत्राचा कागद भरा, शॉवरखाली पाच मिनिटं धरा. मग परातीत बोटभर पाणी घेऊन सॅक दहा मिनिटं उभी करा. उघडून कागद बघा. कुठला ओला? वरचा, चेनलगतचा, की तळाचा? माझ्या सध्याच्या सॅकमध्ये डाव्या चेनच्या टोकाशी पाणी येतं. मला ते माहीत आहे, म्हणून तिथे मी टॉवेल ठेवतो. त्रुटी नसलेली सॅक मला अजून भेटलेली नाही. आपल्या सॅकची त्रुटी माहीत असणं त्यापेक्षा स्वस्त पडतं.

मग साडेतीन हजारांत काय?

तर श्रीवर्धनच्या मित्रा, तुझं उत्तर. कॅमेरा बॅग घेऊच नकोस.

तुझ्याकडे कॉलेजची सॅक असेलच. कमरेचा पट्टा बरा असेल तर तीच वापर, नसेल तर बजेटचा मोठा भाग एका साध्या, मापाच्या ट्रेकिंग सॅकवर टाक. आत बसेल असा सुटा फोमचा कप्पा घे, तो 'कॅमेरा इन्सर्ट' नावाने मिळतो. आणि तिसरी वस्तू सगळ्यात महत्त्वाची: तोंड गुंडाळून बंद करायची ड्राय बॅग, दहा ते पंधरा लिटरची. कयाकवाले वापरतात ती. कप्पा ड्राय बॅगमध्ये, ड्राय बॅग सॅकमध्ये. तोंडाला किमान तीन घड्या घाल. बंद करून दाबून बघ, हवा निसटली नाही तर पाणीही जाणार नाही. आता सॅकला चेनमधून, शिलाईतून, तळातून कुठूनही पाणी येऊ दे, कॅमेरा सुटा आहे. सॅक भिजणार हे मान्य करूनच ही रचना केलेली आहे.

तोटा? कॅमेरा पटकन निघत नाही. मांडव्याच्या बोटीमागून कुरव पक्षी येतात तेव्हा घड्या उलगडत बसलास तर फोटो गेला. त्यावर जुगाड: होडीत कॅमेरा बाहेरच हवा असेल तर पट्टा गळ्यात, जॅकेटच्या आत, आणि वरून हॉटेलात मिळते ती अंघोळीची प्लास्टिक टोपी. तुषार आले की टोपी, थांबले की फोटो. पण लेन्स बदलायची नाही. होडीत तर नाहीच, वाऱ्यात वाळूवरही नाही.

पैसे उरले तर हवाबंद डबा आणि सिलिका जेल. त्यातूनही उरले तर घरी येताना आईला काहीतरी घेऊन जा, कारण डाळीचा डबा तू तिचाच उचलणार आहेस.

मामाची ती लेन्स अजून चालू आहे. झूमला किंचित जड लागते, पण चालते. मागच्या डिसेंबरात मी घाबरतच परत मागितली. त्याने दिली. पण माझ्या हातात नाही दिली. स्वतः ड्राय बॅगेत घातली, तीन घड्या मोजून घातल्या, क्लिप लावली, आणि मग म्हणाला, "हां, आता ने."

पुढच्या भागात भरती-ओहोटीचं वेळापत्रक कसं वाचायचं ते बघू. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. काल अकराला कुलाबा किल्ल्यात चालत गेलेला माणूस आज अकराला का फसतो, हे त्यातच आहे. तुमच्या सॅकची परातीतली चाचणी केलीत तर निकाल व्हॉइस नोटने कळवा. नापास झालेल्या आधी ऐकवीन.

भेटू.